सदतीस नंबरची चार मिनिटे

मी एक जुनी बस आहे, सदतीस नंबरची. विमानतळापासून शहराच्या मध्यापर्यंत जाते आणि परत येते. माझा पिवळा रंग उन्हाने फिका पडला आहे, मागच्या दाराचे रबर सुटले आहे आणि इंजिन चालू झाले की शेवटच्या बाकामागची काच थरथरते. म्हातारी गाडी बोलू लागली म्हणजे ती आपली दुखणीखुपणी सांगणार, असे तुम्हाला वाटेल. तीही सांगेन. पण मित्रांनो, त्याआधी एक कबुली देते. मी हेवा केला. सहा वर्षे, रोज, प्रत्येक फेरीला केला. आणि त्या हेव्यापायी एका दुपारी मी अशी वागले, की आजही शाळेचा थांबा आला की माझे ब्रेक जरा जास्तच करकरतात.

सुरुवातीपासून सांगते.

माझा सांगाडा एका गावच्या कारखान्यात झाला आणि अंग दुसऱ्या गावच्या. दोन्ही गावांमध्ये तीनशे किलोमीटरचे अंतर. सांगाडा म्हणजे इंजिन, सहा चाके आणि लोखंडाच्या दोन लांब तुळया. ना भिंती, ना छप्पर, ना बाक. एक चालक डोक्याला टॉवेल बांधून लाकडी खोक्यावर बसला आणि मला तशीच, उघडीवाघडी, त्या दुसऱ्या गावी घेऊन गेला. त्या प्रवासात जितका वारा मी खाल्ला तितका पुढे जन्मात कधी मिळाला नाही.

नंतर मला पत्रा चढला, खिडक्या लागल्या, बाके आली. मला विमानतळाच्या मार्गावर द्यायचे ठरले, तेव्हा आगारातल्या वेल्डरकाकांनी डाव्या बाजूची तीन बाके काढून तिथे सामानासाठी पाइपचा तीन मजली कप्पा बसवला. मापासाठी त्यांनी घरातली पत्र्याची ट्रंक आणली होती. "ही मावली की जगातली कुठलीही बॅग मावेल," असे ते सगळ्यांना सांगत होते. ट्रंक मावली. पण बाहेर निघेना. वेल्डिंग गरम असताना जागा बरोबर होती, निवल्यावर पाइप आकसले आणि ट्रंक आत पक्की बसली. गरम लोखंड फुगते आणि थंड झाले की आकसते हे काकांना तीस वर्षे ठाऊक होते, फक्त त्या दिवशी आठवले नाही. "आता घरी काय सांगू?" म्हणत त्यांनी दोन दिवस काढले. शेवटी एक पाइप कापून चार बोटे पुढे घेतला. तेव्हापासून माझा कप्पा नकाशातल्यापेक्षा चार बोटे रुंद आहे. त्या चार बोटांमुळे पुढे कितीतरी लोकांचे सामान मावले.

माझे चालक निवांतराव. हे त्यांचे खरे नाव नव्हे, पण आगारात दुसरे नाव कुणी घेतल्याचे मला आठवत नाही. ते कधी हॉर्न दाबायचे नाहीत, कधी कुणाशी हुज्जत घालायचे नाहीत. त्यांच्या वाट्याचे सगळे बोलणे आमच्या कंडक्टरताई बोलायच्या. विमान उतरले की ताई बाहेर पडण्याच्या दारापाशी उभ्या राहून हाळी देत, "शहर, शहर! थेट शहर! सामानाचं वेगळं तिकीट नाही!"

टॅक्सीवाले हसायचे. "ताई, ही बस आहे की गोदाम?"

"गोदामच आहे," ताई म्हणायच्या. "तुमच्या गाडीत माणूस बसला की त्याचा खिसा बाहेर राहतो. आमच्यात दोन्ही मावतात."

माझी कमाई म्हणजे ती माणसे. पहिल्यांदाच विमानात बसून आलेली, हातात पत्त्याचा कागद घट्ट धरलेली. नोकरीच्या मुलाखतीला आलेला, एकाच शर्टाला चार वेळा हाताने इस्त्री करणारा मुलगा. एकदा एक आजी आल्या. बॅग छातीशी धरून दारातच थांबल्या.

"बाई, वजन किती चालतं हो? तिकडे तीन किलो जास्त भरलं म्हणून माझं लोणचं काढून ठेवलं त्यांनी."

"आजी, इथे काटा नाही. तुम्ही आणि बॅग दोघी चढलात की झालं."

आजी चढल्या, बसल्या, आणि पाच थांबे गेल्यावर पुन्हा विचारू लागल्या, "नक्की ना? उतरताना नाही ना करणार वजन?" सगळी गाडी हसली. मीही हसले असेन, कारण मागची काच जरा जास्त थरथरली.

तेवीस किलोमीटर, चौदा थांबे, बावन्न मिनिटे. दिवसाला आठ फेऱ्या. मला वाटायचे, विमानतळ आणि शहर या दोन टोकांना मीच शिवून ठेवले आहे.

मग ती आली.

सहा वर्षांपूर्वी विमानतळ गाडी सुरू झाली. रुळांवरची, चंदेरी, चोचीसारख्या नाकाची. सतरा मिनिटांत शहरात. तिच्या स्टेशनाकडे जायला विमानतळातूनच एक काचेचा रस्ता काढला होता. त्यात थंड हवा, पायाखाली सरकता पट्टा. माणसे त्या पट्ट्यावर उभी राहून पुतळ्यांसारखी सरकत जायची आणि काचेतून खाली मी दिसायचे. बहुतेकजण बघायचेही नाहीत. जे बघायचे त्यांचे बघणे मला नको वाटायचे.

घरात धाकटी जाऊ यावी आणि थोरलीचे कौतुक एका दिवसात आटावे, तसे माझे झाले. तिच्या दारांना आवाज नव्हता, म्हणून मला माझ्या दाराचा खडखडाट ऐकू येऊ लागला. तिच्यात एक गोड बाई पुढच्या थांब्याचे नाव सांगायची. थांबा एकच, तरी सांगायची! मी चौदा थांबे घेते आणि ताईंचा घसा बसतो, त्याचे कुणाला काही नाही. ती वळणावर आतल्या बाजूला झुकायची, त्यामुळे तिच्यातल्या कुणाच्या हातातला चहाही सांडत नसे. मी झुकायचे बाहेरच्या बाजूला. त्यात माझा दोष नाही, वळणावर जड अंग बाहेरच ओढले जाते, हा निसर्गाचा नियम आहे. पण नियम माहीत असला म्हणून जळफळाट कमी होत नाही.

तिचे तिकीटही मला खुपायचे. तिच्या एका तिकिटात माझी सहा तिकिटे येतात. वाटायचे, इतके महाग असून लोक हिच्याकडे जातात, म्हणजे मी स्वस्त आहे हाच माझा कमीपणा आहे की काय?

सगळ्यात वाईट होती ती पाटी. तिच्या स्टेशनावर लाल अक्षरांची एक पाटी लावली होती, ती माझ्या थांब्यावरून स्पष्ट दिसे. 'आज वेळेवर: ९९ टक्के.' कधी ९८, कधी पूर्ण १००. त्या पाटीकडे पाहिले की माझ्या इंजिनाच्या तापमानाचा काटा उभ्या जागी वर चढायचा.

कारण मी वेळेवर नव्हते. दुपारी दोनची माझी फेरी रोज दोन वाजून चार मिनिटांनी सुटायची. अकरा वर्षे, रोज, चारच मिनिटे उशिरा. आणि का, ते मला माहीत होते.

विमानतळावर साफसफाई करणाऱ्या सहाजणी सकाळी सहाला कामावर यायच्या आणि दोनला सुटायच्या. दोनच्या आधी त्यांना जागा सोडता येत नसे, मुकादम सहीला दारात उभा असे. सही करायची, बादल्या ठेवायच्या, आणि गाड्यांचा सगळा तळ ओलांडून माझ्यापर्यंत यायचे. त्याला चार मिनिटे लागत. त्यांच्यात थोरल्या होत्या आक्का. आक्कांची सात वर्षांची नात माझ्या पाचव्या थांब्यावरच्या शाळेत होती. तिचे आईवडील कामासाठी दुसऱ्या गावी, त्यामुळे पोर आजीजवळ. शाळा दोन वीसला सुटायची. दोन पंचविसाला मी थांब्यावर लागायचे, आक्का मागच्या दाराने उतरायच्या, आणि नात पळत येऊन त्यांच्या पिशवीत तोंड घालायची. माझ्या मागची गाडी थेट दोन पन्नासला. म्हणून निवांतराव थांबायचे.

पण थांबतो असे कधी म्हणायचे नाहीत. दोन वाजले की ते खाली उतरायचे, बाकाखालून लाकडी दांडा काढायचे आणि माझे टायर ठोकून बघायचे. हवा बरोबर असेल तर आवाज टणक येतो, कमी असेल तर बद्द येतो. पुढचे दोन, मागचे चार. ठक. ऐकायचे. पुढच्याकडे जायचे. सहावा टायर ठोकून होईपर्यंत सहावी बाई पायरी चढलेली असे. नवखे प्रवासी म्हणायचे, "किती काळजी घेतात गाडीची!" आणि थांब्यावरच्या कंट्रोलरसाहेबांच्या वहीत उशिराच्या कारणापुढे एकच शेरा पडायचा: टायर तपासणी.

मित्रांनो, पूर्वी मला ही चार मिनिटे आवडायची. कुणी आपले टायर इतक्या प्रेमाने ठोकावेत, याचे सुख होते. पण ती पाटी लागली आणि मला त्या बायकांचाच राग येऊ लागला. त्यातून त्या सहाजणी सकाळभर काय करत होत्या? त्या 'तिच्या' स्टेशनाच्या काचा पुसत होत्या! माझ्या बायका, आणि तिचे तोंड चकचकीत करत होत्या. दुपारी माझ्यात बसल्या की त्यांच्या हातांना तिच्या फरशीच्या साबणाचा वास यायचा. आणि मला धुळीत लिहिलेले 'मला धुवा' मिरवत यावे लागायचे.

एके दिवशी मुख्य कार्यालयातून एक मॅडम आल्या. बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या. गळ्यात सेकंद मोजायचे घड्याळ, काखेत वह्यांचा गठ्ठा. माझ्याच तिसऱ्या बाकावर बसून त्यांनी अकरा वर्षांच्या नोंदी चाळल्या. मग निवांतरावांना बोलावले.

"या बसच्या टायरना नक्की काय झालंय?"

"काही नाही, मॅडम."

"रोज दुपारी दोन वाजता टायर तपासावे लागतात. अकरा वर्षं. बाकी सात फेऱ्यांना नाही. असा कुठला टायर असतो, जो फक्त दोनला बिघडतो?"

निवांतराव दांड्याकडे बघत राहिले. खरे सांगावे, तर इतकी वर्षे शेरा लिहिणारे कंट्रोलरसाहेब अडकणार. त्यांनी दांडा बाकाखाली सरकवला.

मॅडमनी वही मिटली. "हे बघा, विमानतळ गाडी आल्यापासून या मार्गाचे प्रवासी निम्मे झालेत. त्यात गाडी जुनी, आणि नोंदीप्रमाणे दोषी. भंगारात काढून मार्ग बंद करावा, असं वर मत आहे. मला सोमवारपासून एका आठवड्याची तपासणी करून अहवाल द्यायचाय. त्या आठवड्यात तरी गाडी ठरल्या वेळी सुटू द्या."

त्या संध्याकाळी आगारात ताई निवांतरावांना म्हणाल्या, "आता काय हो?"

"आठवडाभर वेळेवर सोडू," निवांतराव म्हणाले. "मार्गच बंद झाला, तर आक्का कशाने जाणार? कायमचं जाण्यापेक्षा एक आठवडा गेलेला बरा."

दुसऱ्या दिवशी आक्का उतरताना ताईंनी त्यांना सगळे सांगितले. आक्कांनी पिशवी खांद्यावर चढवली. "बरं. सोमवारपासून पळू आम्ही."

"गुडघे?"

"गुडघ्यांना कोण विचारतंय? ते आपले मागून येतील."

सोमवार उजाडला. मॅडम घड्याळ घेऊन कंट्रोलरच्या खोलीबाहेर उभ्या राहिल्या. आता मी जे सांगणार आहे, ते सांगायला मला आवडत नाही. मित्रांनो, एरवी मी सुरू होताना दोन-तीनदा खोकते. बॅटरी जुनी, अंग जड. निवांतरावांनाही ते माहीत. त्या दिवशी त्यांनी मुद्दाम किल्ली हळू फिरवली असावी. पण मी एका हाकेत सुरू झाले! इतकी गोड गुरगुरले, की जणू कालच कारखान्यातून आले. समोर ती पाटी होती, ९९ टक्के. मला एकदा तरी तिच्या तोडीचे व्हायचे होते.

दोनला, अगदी ठोक्याला, मी निघाले. मॅडमनी वहीत खूण केली.

उजव्या बाजूचा आरसा माझा आहे, तेव्हा त्यातले मी पाहिले नाही असे म्हणू शकत नाही. तळाच्या पलीकडून सहाजणी पळत येत होत्या. आक्का सगळ्यांच्या मागे, एक हात गुडघ्यावर. निवांतरावांचा पाय ब्रेककडे गेला. तेवढ्यात आक्कांनी हात वर केला. मला वाटले, थांबा म्हणतील. पण त्या हाताने त्या आम्हाला पुढे ढकलत होत्या. "जा, जा!"

आणि मी गेले. खुशीत गेले.

आत नऊ माणसे होती. बाके इतकी रिकामी, की वळणावर एक पाण्याची बाटली या टोकापासून त्या टोकापर्यंत घरंगळत गेली. दोन एकविसाला मी शाळेच्या थांब्यावर लागले. चार मिनिटे आधी! नात नुकतीच फाटकाबाहेर आली होती. मला बघून ती धावली आणि मागच्या दारापाशी उभी राहिली. एक काका उतरले. मग कुणीच नाही.

"आजी?" तिने आत डोकावून विचारले.

ताई खाली उतरल्या. "बाळा, आजी पुढच्या गाडीने येतील. तू शाळेतच थांब."

"पण आजी याच गाडीने येते."

"हो गं. आज ही जरा लवकर निघाली."

पोरीने माझ्या खिडक्यांवरून नजर फिरवली, एकामागून एक, बहुतेक रिकाम्या. तिला राग आला नव्हता, रडूही आले नव्हते. तिला खरेच कळत नव्हते.

"मग ही कुणाला घेऊन आली?"

ताईंनी तिचा हात धरून तिला फाटकाशी नेले.  शाळेच्या शिपाईमामांनी तिला आपल्या स्टुलावर बसवले. आम्ही निघालो. आरशात ती लहान होत गेली, तरी दिसत राहिली. तिची आजी तीन वाजून अकरा मिनिटांनी पोचली, असे मागच्या गाडीने मला रात्री आगारात सांगितले. तोवर शिपाईमामांनी तिला सगळ्या वर्गांच्या किल्ल्या मोजायला दिल्या होत्या. तिने त्या तीनदा मोजल्या.

आणि ज्या पाटीसाठी हे केले, ती पाटी? माझ्यासाठी कुणी तशी पाटी लावली नव्हती. मॅडमच्या वहीत एक बारीकशी खूण, एवढेच. मला ती खूण खिळ्यासारखी टोचत राहिली.

मंगळवारी मॅडम माझ्यात बसूनच तपासणी करणार होत्या. दोन वाजले. निवांतरावांनी किल्ली फिरवली.

मी खोकले.

त्यांनी पुन्हा फिरवली. मी पुन्हा खोकले. फिटर नंतर म्हणाला, बॅटरीच्या तारेवर पांढरा क्षार साठला होता, त्यातून वीज नीट जाईना. त्याचे शास्त्र बरोबर आहे. क्षार होताच. पण तो सोमवारीही होता.

"बघितलंत?" कंट्रोलरसाहेब खिडकीशी येऊन हळहळले. "आजच बंद पडायचं होतं हिला. आता गेलीच ही भंगारात."

मला ऐकू येत होते. माझ्या सहा चाकांखाली जमीन गार पडल्यासारखी वाटली. भंगारात गाडी कशी तोडतात, ते मी आगाराच्या मागच्या अंगणात पाहिले आहे. आधी काचा काढतात. तरी मी सुरू झाले नाही.

चौथे मिनिट संपत आले. पायरी वाजली. एक, दोन, तीन, चार, पाच. मग धापा टाकत आक्का.

"अगं बाई! आज थांबलात? मी तर म्हटलं..." मॅडमना बघून त्यांनी जीभ चावली.

निवांतरावांनी किल्ली फिरवली. मी सुरू झाले.

मॅडम आपल्या घड्याळाकडे बघत होत्या. चार मिनिटे, सहा सेकंद. मग त्यांनी सहाजणींकडे पाहिले, मग वहीकडे. सवयीने आकडा पाहिला की त्यामागचे कारण शोधणारी ती बाई. त्या उठून आक्कांच्या शेजारी जाऊन बसल्या.

"तुमचं काम किती वाजता सुटतं?"

"दोनला, मॅडम."

"आणि इथवर यायला किती लागतं?"

"चार मिनिटं. काल पळालो, तेव्हा तीन. तरी चुकलीच."

मॅडमनी वहीत दोन्ही वेळा लिहून घेतल्या. तिसऱ्या थांब्यानंतर त्या पुढे गेल्या. "निवांतराव, अकरा वर्षांत हे कुणी वर कळवलं का नाही?"

"कुणी विचारलं नाही, मॅडम. वहीत उशिराच्या कारणाचे रकाने आहेत. टायर, इंजिन, रस्ता बंद. माणसांचा रकाना नाही."

"म्हणून टायर लिहिलं?"

"टायर खरंच तपासत होतो," निवांतराव पहिल्यांदाच जरा दुखावल्यासारखे बोलले. "खोटं नाही लिहिलं कुणी. अकरा वर्षांत दोनच्या फेरीला एकही टायर फुटलेला नाही. बघा वहीत."

मॅडमनी पाहिले. खरेच नव्हता. त्यांच्या ओठांचा कोपरा किंचित हलला. त्यांना हसताना मी तेवढेच पाहिले.

"गाडी दोन पाचला सोडायची, असं वेळापत्रकातच लिहिलं तर?"

ताईंनी कपाळावर हात मारला. "अहो, एवढंच होतं होय!"

खरेच, मित्रांनो, एवढेच होते. चांगली माणसे अकरा वर्षे चार मिनिटे लपवत राहिली. ती चार मिनिटे मागावीत, हे कुणाच्या मनात आले नाही.

अर्थात, गोष्ट इतक्यावर पूर्ण गोड झाली नाही. मॅडमनी अहवालात जे खरे होते ते सगळे लिहिले. माझे प्रवासी निम्मे झाले, हेही खरेच होते. माझ्या आठ फेऱ्यांपैकी पाच बंद झाल्या. मला आणखी दोन वर्षे मिळाली, पुढचे पुढे. पण सकाळी सहाजणींना कामावर आणणारी, दोन पाचची आणि संध्याकाळची, अशा तीन फेऱ्या राहिल्या. बॅटरीची तार साफ झाली. मला आता सुरू व्हायला एकच हाक पुरते.

ती अजूनही काचेपलीकडून जाते. मित्रांनो, खोटे कशाला सांगू, अजूनही माझ्या पोटात दुखते. तिची दारे अजून बिनआवाजाची आहेत आणि आक्का अजून तिच्याच काचा पुसतात. हेवा क्षारासारखा असतो, पुसला तरी पुन्हा साठतो. पण तारेवर तो किती साठू द्यायचा, हे आता मी बघते.

तुम्ही कधी लांबून उतरून परक्या शहरात आलात आणि माझ्यासारखी एखादी जुनी बस उभी दिसली, तर तिच्या बाकावर नावे कोरू नका, दार आपटू नका. आणि ती उशिरा सुटली, तर चिडण्याआधी एकदा मागच्या आरशात बघा, ती कुणासाठी थांबली आहे.

नवे वेळापत्रक लागले, त्या पहिल्या दिवशी दोन सव्वीसला मी शाळेच्या थांब्यावर पोचले. सहाजणींतल्या आक्का उतरल्या. नात त्यांना बिलगली नाही. ती आधी माझ्या पायरीवर चढली आणि तिने पिशव्यांच्या गर्दीतून पाच बायका बोट दाखवत मोजल्या. खाली उभी असलेली आजी धरून सहा. शाळेत नुकतेच त्यांना अपूर्णांक शिकवायला घेतले होते. आजीकडून त्या लाल पाटीबद्दल ऐकून दुसऱ्या दिवशी तिने वहीचा एक कागद आणला आणि ताईंकडून चिकटवून घेतला, थरथरणाऱ्या मागच्या काचेवर, जिथे तो विमानतळ गाडीच्या स्टेशनावरून दिसतो.

त्यावर मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिले आहे: 'आज वेळेवर: सहापैकी सहा.'